अप्पांचा कॅमेरा विकू नकोस

गिरगाव, मुंबई
२२ ऑगस्ट

प्रिय सुहास,

अप्पांचा कॅमेरा विकू नकोस. आधी हे सांगून टाकतो, बाकीचं सावकाश लिहितो.

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. यशिका इलेक्ट्रो ३५, त्यातलं जीएसएन मॉडेल. पुढच्या पत्र्यावर अणूचं ते छोटं चिन्ह अजून शाबूत आहे. लेन्सच्या कडेवर ४५ मिमी आणि १.७ हे आकडेही स्पष्ट वाचता येतात. हे मॉडेल १९७३ मध्ये आलं, म्हणजे अप्पा मस्कतला होते तेव्हा तिकडच्या दुकानांत ते अगदी ताज्या मालातलं असणार. ते कातडी केसचं बटण उघडायचे तेव्हा आपण पोरं जिन्यावर कशी गप्प बसायचो, आठवतं ना? हात लावायची टाप नव्हती.

सईने कपाटातून निघालेला कॅमेरा बघताच "हा तर स्पायडरमॅनचा" म्हटलं, हे वाचून मला खरंच आनंद झाला. पोरगी बरोबर बोलली. २०१२ सालच्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'मध्ये पीटर पार्करच्या गळ्यात यशिका इलेक्ट्रो ३५च आहे. हॅरी पॉटरच्या दुसऱ्या सिनेमात तो कॉलिन नावाचा मुलगा सगळीकडे कॅमेरा घेऊन फिरतो, तो अर्गस सी-३. अमेरिकेत १९३९ पासून बनलेला, विटेसारखा चौकोनी, पण अप्पांच्या कॅमेऱ्यासारखा जातीने हाही रेंजफाइंडरच, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघून फोकस जुळवायचा कॅमेरा. तू विचारलंस, खिशात मोबाइल असताना लोकांना या जुन्या कॅमेऱ्यांचं एवढं कौतुक का, आणि ते फक्त शोभेचं आहे का. शोभा आहेच. वांद्र्याच्या कॅफेंत ते फळीवर मांडलेले दिसतात, लग्नाआधीच्या शूटमध्ये नवरा-नवरीच्या हातात देतात, आत रोल नसतो. पण एवढ्यावरच असतं तर हे वेड केव्हाच ओसरलं असतं. मला जे वाटतं ते सविस्तर लिहितो. या विषयावर माझ्याशी बोलणारं इथे फारसं कुणी नाही.

फॅशन स्ट्रीटवर तू घेतलेला तो काळा टी-शर्ट आठव, चे गेव्हाराच्या चेहऱ्याचा. कॉलेजात अर्ध्या वर्गाकडे तो होता. तो चेहरा आला ५ मार्च १९६० रोजी हवानात घेतलेल्या छायाचित्रातून. बंदरात जहाजाचा स्फोट झाला होता, त्यातल्या मृतांसाठी शोकसभा होती. आल्बेर्तो कोर्दा हा छायाचित्रकार व्यासपीठासमोर उभा होता. चे क्षणभर पुढे आला आणि मागे गेला. तेवढ्यात कोर्दाने दोन वेळा शटर दाबलं. कॅमेरा होता लायका एम-२, रेंजफाइंडर, त्यावर ९० मिमीची लेन्स. त्याच्या वर्तमानपत्राने तो फोटो वापरला नाही, कोर्दाने तो आपल्या स्टुडिओच्या भिंतीवर लावून ठेवला. जगभर तो पसरला तो १९६७ नंतर. टी-शर्ट घालणाऱ्याला कॅमेऱ्याचं नावही माहीत नसतं. पण त्या कॅमेऱ्याने डोळ्याला जे करू दिलं, ते मात्र टी-शर्टावर उतरलेलं असतं.

आपल्या जवळचं उदाहरण देतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार १९४७ मध्ये भारतात आला. त्याने मुंबईत, परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत, एका ज्योतिषाच्या दुकानाचं छायाचित्र घेतलं. माझे आजोबा त्याच वर्षांत परळला गिरणीत पाळी करत होते, म्हणून ते छायाचित्र माझ्यासाठी नुसतं प्रदर्शनातलं चित्र राहत नाही. आपल्या माणसांकडे बाहेरून आलेल्या माणसाने बघितलं आणि त्यांना तमाशा केलं नाही, हे मला त्यात दिसतं. पुढे ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटला आणि त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून नेहरू लोकांना ती बातमी सांगताहेत, ते छायाचित्र तू पाहिलं असशील. अंधूक, दाणेदार, कडा हललेल्या. फ्लॅश त्याला मुळातच पटत नसे. त्या रात्री कुणाच्या तोंडावर झगझगीत उजेड पडला असता तर ते दुःख दिसलं असतं का? मला नाही वाटत. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग तो काळ्या पट्टीने झाकून ठेवायचा, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून.

आता आत काय घडतं ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे.

अप्पांचा कॅमेरा समोरून बघ. वरच्या पट्टीवर एक मोठी खिडकी आहे आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर एक छोटी. तू डोळा लावतोस तो मोठ्या खिडकीला. छोट्या खिडकीतून येणारं चित्र आतल्या आरशांवरून वळून मोठ्या खिडकीतल्या चित्राच्या मधोमध पडतं, एका लहानशा पिवळसर चौकोनात. म्हणून त्या चौकोनात सगळं दोनदोन दिसतं. लेन्सची रिंग फिरवली की एक दांडी सरकते, प्रतिमा बाजूला सरकू लागते, आणि ज्या क्षणी दोन्ही एकमेकींवर बसतात त्या क्षणी फोकस जुळला. आपले दोन डोळे अंतर ओळखतात तेही दोन ठिकाणांहून बघण्यामुळेच. नंतर आलेल्या एसएलआरमध्ये तू लेन्समधूनच बघतोस, आरशातून. रेंजफाइंडरमध्ये तू लेन्समधून बघतच नाहीस. खिडकीतून बघतोस. त्यामुळे सगळं जग एकसारखं स्पष्ट दिसतं, पुढचं आणि मागचंही. शटर दाबताना आरसा उडून डोळ्यासमोर अंधार होत नाही. आणि खिडकीत फोटोची चौकट दाखवणाऱ्या ज्या उजळ रेघा असतात, त्यांच्या बाहेरचंही दिसत राहतं.

या बाहेर दिसणाऱ्या भागासाठी मी या कॅमेऱ्यांच्या प्रेमात आहे. दादरचा फूलबाजार बघ, कवी केशवसुत पुलाच्या आसपासचा. पहाटे मी तिथे माझा कॅनोनेट, कॅननचा रेंजफाइंडर, घेऊन जातो. एक मावशी झेंडूची माळ ओवत असतात. वर बल्ब, खाली ओलं फडकं, मांडीवर फुलांचा ढीग. मी चौकोन त्यांच्या सुईवर आणतो. या कॅमेऱ्याला उभी रेघ लागते, आडव्या रेघेवर दोन प्रतिमा वेगळ्या ओळखू येत नाहीत, आणि सुई उभी धरलेली असते तेवढाच वेळ असतो. आधी दोन सुया दिसतात, दोन दोरे. रिंग जराशी फिरवली की एक सुई. तेवढ्यात रेघेच्या बाहेर, डावीकडे, डोक्यावर पाटी घेतलेला हमाल येताना दिसतो. तो अजून फोटोत नाही, पण मला दिसतो आहे. मावशी मान वर करून त्याला वाट देण्यासाठी गुडघा आत ओढतात. तो रेघ ओलांडतो. तेव्हा शटर. आवाज एवढा बारीक की मावशींची सुई थांबत नाही. मोबाइलच्या पडद्यावर मला फक्त मावशी दिसल्या असत्या, हमाल कळला असता तो फोटोत शिरल्यावरच. मुंबईत प्रत्येक चौकटीत बाहेरून कुणीतरी शिरत असतं, गर्दीच तशी. तो शिरण्याआधी दिसणं म्हणजे त्याच्यासाठी जागा ठेवणं.

कार्तिए-ब्रेसाँच्या 'निर्णायक क्षणा'बद्दल लोक फार बोलतात, १९५२ च्या त्याच्या पुस्तकापासून ते चालत आलंय. पण क्षण पकडायचा तर तो येताना दिसावा लागतो. खिडकी ते दाखवते.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची, आणि सिनेमावाल्यांना हे कॅमेरे का आवडतात त्याचं एक कारण मला यात दिसतं. एसएलआरचा डोळा मधोमध असतो. तो तोंडाला लावला की नाक, डोळे, गाल सगळं झाकलं जातं. समोरच्याला माणूस दिसतच नाही, यंत्र दिसतं. रेंजफाइंडरची खिडकी एका टोकाला असते. उजवा डोळा लावला तर चेहऱ्याचा अर्धा भाग आणि डावा डोळा उघडा राहतो. पडद्यावर फोटो काढणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे दिसायला हवं, तिथे हे उपयोगी पडत असणार. आणि रस्त्यावर समोरच्या माणसाला तुझा डोळा दिसतो, तू हसलेलं दिसतं. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या दिवशी भावनेने भरलेल्या माणसापासून हातभर अंतरावर उभं राहून फोटो काढायचा तर तेवढा हक्क आधी नजरेने मागावा लागतो. माझ्या मते छायाचित्रकाराचा चेहरा उघडा राहणं हा सभ्यतेचा भाग आहे.

लायकाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. जर्मनीत वेट्झलारला लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बारनाक नावाचा तंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा त्रास, त्या काळचे अवजड कॅमेरे उचलून डोंगर चढणं जमेना. त्याने सिनेमाची ३५ मिमीची फिल्म आडवी धावेल असा खिशात मावणारा कॅमेरा केला, २४ बाय ३६ मिमीच्या चौकटीचा. ती चौकट पुढे सगळ्या जगाने घेतली. १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांसमोर आला. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर त्यात बसला १९३२ मध्ये, आणि त्याच वर्षी झाइस कंपनीचा काँटॅक्सही आला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ साली दोस्तांचं सैन्य उतरलं तेव्हा युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाच्या हातात काँटॅक्सच होता. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये खिडकीतलं जग जवळजवळ खऱ्या आकाराचं दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर कॅमेरा आहे हेच विसरायला होतं. मी एकदा तो डोळ्याला लावला आहे, फोर्टमधल्या दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर, गिऱ्हाइकाचा. खाली ठेववत नव्हता.

आणि म्हणूनच त्याचं जे झालंय त्याचं मला वाईट वाटतं. २०२२ मध्ये वेट्झलारमधल्या लिलावात बारनाकचा स्वतःचा, १९२५ च्याही आधीचा नमुना-कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. असे कॅमेरे आता तिजोऱ्यांत जातात. दम्याच्या माणसाला डोंगरावर नेता यावा म्हणून जे केलं गेलं, ते काचेआड बसवून ठेवायचं, हे मला पटत नाही. लायका माझ्या ऐपतीत कधी नव्हती, अप्पांच्याही नव्हती. पण जपान्यांनी ही खिडकी आपल्यासारख्यांच्या घरात आणली. १९६१ ला कॅनोनेट, १९६६ ला पहिला यशिका इलेक्ट्रो. लेन्स पक्की बसवलेली, बदलता न येणारी, पण काच उत्तम आणि किंमत नोकरदाराला झेपणारी. आपल्याकडे परदेशी मालावर बंधनं होती, तेव्हा हे कॅमेरे आखातातून आणि जहाजावरच्या नोकरांच्या बॅगांतून आले. कितीतरी मराठी घरांतल्या मुंजी, बारशी, गणपती, पहिली स्कूटर त्या खिडकीतून पाहिली गेली. आमच्या चाळीतले जुने अल्बम काढून बसलो की मला ते ओळखू येतात. चेहरे मोकळे असतात, कारण काढणारा घरातलाच आणि त्याचा चेहरा दिसत असतो. कार्तिए-ब्रेसाँ जितका मोठा, तितकीच मला ही परंपरा मोठी वाटते, आणि अप्पा तिच्यातले आहेत.

मग रेंजफाइंडर मागे का पडले? १९५९ ला निकॉन एफ हा एसएलआर आला आणि बातमीदारीचं चित्र पालटलं. रेंजफाइंडरने शिवडीच्या खाडीतले फ्लेमिंगो काढता येत नाहीत. १३५ मिमीच्या पुढची लेन्स त्याला मानवत नाही. फुलाच्या परागाजवळ जाता येत नाही. अप्पांचा कॅमेरा ८० सेंटिमीटरच्या अलीकडे फोकसच करत नाही. क्रिकेट तर सोडूनच दे. माणसांत, दोन-चार हातांच्या अंतरावर, कमी उजेडात मात्र त्याला तोड नाही. हल्ली फुजीच्या एक्स-१०० मालिकेने तीच बैठी ठेवण आणि टोकाची खिडकी डिजिटलमध्ये आणली, आणि तरुण मुलं त्यासाठी महिनोन्‌महिने थांबतात. त्यात जुन्यासारखी दोन प्रतिमांची जुळणी नाही, पण खिडकीतून बघणं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. मोबाइलवर लायकाचं नाव छापतात त्याचं तेवढं कौतुक वाटत नाही.

आता कामाचं. मागचं झाकण उघडण्याआधी रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून बघ. अडली तर आत रोल आहे, उघडू नकोस. बॅटरी ५.६ व्होल्टची पाऱ्याची लागायची, ती आता मिळत नाही. ६ व्होल्टची लहान बॅटरी अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून चालते. बॅटरीशिवाय शटर फक्त १/५०० सेकंदाच्या वेगावर चालेल, तेव्हा "बिघडलाय" म्हणून घाबरू नकोस. फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढताना शेवटी 'टक' असा आवाज येतो का ते कान देऊन ऐक. या मॉडेलमध्ये आत रबराचा एक बारीक तुकडा असतो, तो वयाने सडतो, मग तो आवाज जातो आणि एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, चुकू लागतं. दुरुस्त होतं. लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. सांगलीत कमी, आमच्याकडे या दिवसांत भिंतींनाही सुटते. मी माझा कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. कातडी केसमध्ये परत घालू नकोस, कातडं ओल धरून ठेवतं.

बोरा बाजाराजवळ एक वयस्क गृहस्थ आहेत, माझे सगळे कॅमेरे त्यांच्याच हातून गेलेत. वरचा पत्रा काढून ते एक स्क्रू पाव फेरा फिरवतात, मग जिना उतरून रस्त्याच्या टोकाला जातात आणि दूर राजाबाई टॉवरच्या कळसावर चौकोन धरून बघतात. लेन्सचं अंतर अनंतावर लावलेलं, आणि कळस एकच दिसला पाहिजे. दोन दिसले तर परत वर. मी त्यांना तीन-चार वेळा वरखाली करताना पाहिलंय. घाईत कॅमेरा परत दिलेला एकदाही पाहिला नाही. अप्पांचा कॅमेरा त्यांच्याकडेच द्यायचा. कुरिअरने पाठवू नकोस, आतले आरसे धक्क्याने हलतात. तू येशील तेव्हा हातात घेऊन ये.

सईला सुरुवातीला फोकसची चिंता करू देऊ नकोस. दुपारच्या उन्हात ४०० वेगाची फिल्म, लेन्सचं छिद्र एफ ११ वर, अंतर तीन मीटरवर लावून ठेव. दोन मीटरपासून साधारण सहा-सात मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येईल, तिने फक्त माणसांकडे बघावं. पुढे चौकोन जुळवायला तिचं तीच शिकेल. एवढं मात्र बजाव, लेन्सचं झाकण काढायला विसरायचं नाही. खिडकीतून झाकण दिसत नाही, आणि अख्खा रोल काळा निघतो. फिल्म महाग झालीय, ३६ फोटोंचा एक रोल घेताना मीसुद्धा दोनदा विचार करतो. पण पहिले दोन रोल माझ्याकडून. धुवायचंही मी इथे बघतो, माहीमला एक मुलगा घरीच चांगले धुतो.

दिवाळीची सुट्टी लागली की दोघं या. वहिनींना सुट्टी मिळाली तर त्यांनाही आण, जागेची अडचण नाही. पहाटे दादरला जाऊ, मग कॅमेरा बोरा बाजारात टाकू, आणि तिकडूनच काळा घोड्याला जहांगीरमध्ये एखादं प्रदर्शन असेल तर बघू. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि विचार की अप्पांनी निगेटिव्ह कुठे ठेवल्यात. त्या माणसाने सगळ्या जपून ठेवल्या असणार, याची मला खात्री आहे. ट्रंकेत सापडल्या तर उन्हात वाळवू नका, तशाच आणा, माझ्याकडे स्कॅनर आहे.

केसच्या झाकणात एखादा फिल्टर आहे का तेही बघून कळव. ५५ मिमीचा असेल. नसला तर मी इथे घेऊन ठेवतो.

तुझा,
मंदार